दांडिया बाजारातील स्वयंपाकवर्ग: ड्रेस्डेनमधील एका वर्षानंतरचे परीक्षण

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या आतल्या एका गल्लीत एक मराठी काकू परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या मुलामुलींना आपल्या राहत्या घरी स्वयंपाक शिकवतात. वर्गाला नाव नाही, दारावर पाटी नाही आणि काकूंना जाहिरातही नको असते, म्हणून पत्ता येथे देत नाही. परंतु रावपुरा, दांडिया बाजार किंवा मांजलपूर भागातील मराठी घरांत चौकशी केली, तर त्यांच्यापर्यंत पोहोचणे अवघड नाही. मे आणि जून महिन्यांत दर शनिवारी व रविवारी सकाळी वर्ग भरतो, एका तुकडीत सात-आठच विद्यार्थी घेतले जातात आणि शुल्क सर्व साहित्यासह ४,५०० रुपये आहे. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी जाण्यापूर्वी मी हा वर्ग केला. तेथे शिकलेल्या गोष्टींपैकी कोणत्या टिकतात आणि कोणत्या कमी पडतात, हे तिकडे सगळे ऋतू काढल्याखेरीज सांगता येत नाही. दोन सत्रे संपवून सुट्टीसाठी घरी आले आहे, म्हणून आता हे लिहीत आहे.

आपल्या शहराला परदेशी शिक्षण नवे नाही. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि सयाजीराव महाराजांनी त्या काळात इतरही अनेक तरुणांना शिकण्यासाठी बाहेर पाठवले. आज अलकापुरी आणि रेसकोर्स परिसरात परदेशी प्रवेशाचे मार्गदर्शन करणाऱ्या कार्यालयांची दाटी आहे. जर्मनीला जायचे तर भारतातील पदवीची कागदपत्रे तपासून मिळणारे एपीएस प्रमाणपत्र, बंदिस्त बँक खाते, आरोग्य विमा, व्हिसाचा अर्ज, अशा प्रत्येक पायरीवर पैसे घेऊन मदत करणारे कोणी ना कोणी भेटते. ही सारी मदत विमानतळाच्या दारापाशी संपते. तेथून पुढे, अनोळखी शहरात संध्याकाळी भूक लागल्यावर आणि खोलीत एक पातेलेही नसताना काय करायचे, हे शिकवणारे माझ्या पाहण्यात या काकूंखेरीज दुसरे कोणी नाही.

या शिक्षणाची गरज किती आहे, हे पैशांच्या हिशेबावरून चटकन लक्षात येते. जर्मनीच्या विद्यार्थी-व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून बंदिस्त खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवावे लागतात आणि तिकडे गेल्यावर त्यांतून दरमहा ९९२ युरोच हाती येतात. खोलीचे भाडे, १४० युरोंच्या वर जाणारा आरोग्य विम्याचा हप्ता, फोन आणि पुस्तके-कागद यांचा खर्च वजा केला की खाण्यापिण्यासाठी उरणारी रक्कम जपूनच वापरावी लागते. दुपारी विद्यापीठाच्या मेन्सामध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात, तीन-चार युरोंमध्ये चांगले जेवण मिळते आणि त्यात शाकाहारी पदार्थ रोज असतात. रात्रीचे जेवण आणि सुट्टीचे दिवस मात्र आपले आपण सांभाळायचे असतात, कारण उपाहारगृहातील एका साध्या जेवणाच्या पैशांत घरी दोन-तीन दिवसांचा वरणभात आणि भाजी होते.

वर्गाची सुरुवात पाककृतींपासून होत नाही, बॅग भरण्यापासून होते, आणि हा भाग काकूंनी फार विचारपूर्वक बसवला आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत आणण्याची मनाई आहे. त्यामुळे साजूक तूप, पेढे, बर्फी, चक्का हे सर्व घरीच ठेवावे लागते, मग आईने ते कितीही निगुतीने बांधून दिलेले असो. डिसेंबर २०१९ पासून ताजी फळे, भाज्या आणि पाने यांसाठीही ती रोगमुक्त असल्याचे सरकारी प्रमाणपत्र लागते आणि त्यातून अननस, नारळ, केळी, खजूर व ड्युरियन एवढी पाचच फळे वगळली आहेत. म्हणजे ताजा कढीपत्ता आणि लिंबे नेता येत नाहीत, वाळवलेला कढीपत्ता नेता येतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या त्यांतील तेलामुळे ज्वालाग्राही मानल्या जातात, म्हणून विमानाच्या सामानात चालत नाहीत. अमिरातींमध्ये खसखशीवर बंदी असल्यामुळे तिकडून जाणाऱ्यांना काकू ती अजिबात घेऊ देत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसूल आणि हिंग यांना त्यांच्या यादीत पहिले स्थान आहे. प्रत्येक पुडी हवाबंद करून तिच्यावर आतील पदार्थांची नावे इंग्रजीत लिहून चिकटवायची, म्हणजे सीमाशुल्क अधिकाऱ्याने निनावी पिवळ्या पुडीबद्दल विचारले तर त्याला दाखवायला काहीतरी असते. डाळी आणि तांदूळ यांनी बॅगेचे वजन वाढवू नये, ते जगभर मिळतात, हा त्यांचा सल्ला मी पाळला आणि तो पूर्णपणे बरोबर ठरला.

त्यानंतर शेगडीचा अभ्यास असतो. काकूंच्या ओट्यावर गॅसच्या शेजारी एक जुनी लोखंडी हॉटप्लेट आणि एक इंडक्शन शेगडी कायम मांडलेली असते, आणि पहिल्या दिवसानंतर विद्यार्थ्यांनी गॅसला हात लावायचा नाही, असा नियम आहे. ज्याने आयुष्यभर गॅसवर फोडणी पाहिली आहे, त्याच्यासाठी विजेची शेगडी हे वेगळेच यंत्र असते: ती तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे मोहरी तडतडल्यावर बटण फिरवून उपयोग नसतो, कढलेच उचलून बाजूला घ्यावे लागते. भात शिजत आला की शेगडी आधीच बंद करून उरलेल्या उष्णतेवर तो मुरू द्यायचा, हेही येथेच शिकता येते. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, म्हणून भांडे विकत घेताना त्याच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहण्याची सवय काकू लावतात. मिक्सरबाबतही त्यांचे सांगणे स्पष्ट आहे: जर्मनीत वीजदाब आपल्याप्रमाणेच २३० व्होल्ट असल्यामुळे येथील मिक्सर केवळ पिनेचा जोड बदलून चालतो, तर अमेरिकेत तो १२० व्होल्ट असल्यामुळे येथील मिक्सर तिकडे नेण्यात अर्थ नाही. ड्रेस्डेनच्या वसतिगृहात काचेच्या पृष्ठभागाखाली तापणारी शेगडी आहे, आणि तिच्यावर पहिल्याच आठवड्यात माझा वरणभात नीट झाला, याचे श्रेय या सकाळच्या तासांना आहे.

परंतु या वर्गाचे खरे मोल पर्यायी जिन्नस पारखण्याच्या शिक्षणात आहे, आणि त्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. काकू स्वतः कधी युरोपात गेलेल्या नाहीत, त्यामुळे तेथील दुकानांत काय मिळते याची यादी त्या देऊ शकत नाहीत. त्याऐवजी त्या जिन्नस वागतो कसा, हे बघायला शिकवतात. एका रविवारी त्यांनी आमच्याकडून तीन पिठे मळून घेतली: नुसती कणीक, नुसता मैदा आणि दोन्हींचे मिश्रण, प्रत्येकाला पाणी किती लागले, अर्ध्या तासाने गोळा किती सैलावला, लाटताना तो मागे ओढला जातो की पसरतो, भाजल्यावर पोळी तासाभराने कशी राहते, हे सर्व वहीत लिहायला लावले. तेव्हा हे अतिच वाटले होते. ड्रेस्डेनच्या किराणा दुकानातील फळीपुढे उभे राहिल्यावर त्याचा उपयोग कळला, कारण तेथे गव्हाचे पीठ आकड्यांनी विकले जाते. ४०५ क्रमांकाचे पीठ आपल्या मैद्यासारखे पांढरेशुभ्र, १०५० क्रमांकाचे अधिक गडद, आणि संपूर्ण गव्हाचे जाडसर पीठ त्याहून वेगळे. हा आकडा शंभर ग्रॅम पिठात किती मिलिग्रॅम खनिजे उरतात ते सांगतो, म्हणजे आकडा जितका मोठा तितका कोंडा अधिक. काकूंच्या घरी बोटांना पडलेल्या सवयीने मी १०५० क्रमांकाच्या पिठात थोडे संपूर्ण गव्हाचे पीठ मिसळून पाणी हळूहळू वाढवत गेले आणि घडीची पोळी जमली. भारतीय दुकानातील महागडी कणीक त्यानंतर क्वचितच आणावी लागली.

हीच पद्धत इतर जिन्नसांना लागू पडते. लाल मसूर डाळ जर्मनीच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळते आणि भिजवल्याशिवाय लवकर शिजते, त्यामुळे आठवड्यातील निम्मी वरणे तिचीच होतात. दुधातील खिरीसाठी तिकडे विकला जाणारा आखूड, गोल दाण्याचा तांदूळ पाण्यात शिजवला तर उत्तम मऊ भात होतो, आणि त्यावर मेतकूट घातले की तापातून उठलेल्या माणसालाही तो खाववतो. रव्याचे दोन प्रकार मिळतात, त्यांपैकी मऊ गव्हाचा शिऱ्याला आणि कठीण गव्हाचा उपम्याला अधिक चांगला, असे माझे मत झाले आहे. शुद्ध केलेले लोणी, म्हणजे जवळजवळ आपले तूपच, डब्यात मिळते. सर्वांत समाधान दिले ते क्वार्क या दुधाच्या पदार्थाने: त्याचा कमी स्निग्धांशाचा प्रकार रात्रभर फडक्यात बांधून ठेवला की आंबटसर, गुळगुळीत चक्का हाती येतो. गुढीपाडव्याला मी त्याचे श्रीखंड केले. वेलची आणि जायफळ वडोदऱ्याहून नेलेले होते, केशर एका इराणी विद्यार्थिनीने आपल्या डबीतून दिले, आणि त्या श्रीखंडात व घरच्या श्रीखंडात चवीचा फरक इतका थोडा होता की घरच्यांना फोनवर ते सांगताना मला गहिवरून आले.

आठवड्याचे नियोजन आणि खर्चाची वही यांवरही दोन तास असतात. जर्मनीत रविवारी किराणा दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळपर्यंत खरेदी उरकण्याची शिस्त लागतेच; काकूंनी ती आधीच लावलेली असल्याने जड गेले नाही. एवढे या भागाविषयी पुरे आहे.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव ही की हा वर्ग विद्यार्थ्याला स्वतःचे स्वयंपाकघर मिळणार आहे असे धरून चालतो, आणि तसे ते मिळत नाही. माझ्या मजल्यावर एकच स्वयंपाकघर आहे आणि ते निरनिराळ्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांचे मिळून आहे. फ्रिजची एक फळी एकाची, कपाटाचा एक कप्पा एकाचा, ओटा पुसण्याची आणि फरशी स्वच्छ करण्याची पाळी दारावर लिहिलेली. कचरा चार ठिकाणी टाकायचा: ओला वेगळा, कागद वेगळा, प्लास्टिक व डबे यांचा वेगळा आणि उरलेला वेगळा, काचेच्या बाटल्या रंगांप्रमाणे रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत नेऊन टाकायच्या, आणि ज्या बाटल्यांवर अनामत घेतलेली असते त्या दुकानातील यंत्रात परत करून प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत घ्यायचे. रात्री दहानंतर शांतता पाळायची. हिंगाचा वास, फोडणीचा धूर आणि कुकरची शिट्टी या तीन गोष्टी आपल्या घरांत इतक्या नेहमीच्या आहेत की त्यांनी कोणाला त्रास होईल, हे मनातही येत नाही. तेथे पहिल्याच शिट्टीला शेजारच्या खोलीतील विद्यार्थी घाबरून धावत आला. मी त्याला झाकण, शिट्टी आणि वाफेचा मार्ग उघडून दाखवले, तेव्हा तो नुसता निवांत झाला नाही, तर दुसऱ्या दिवशी स्वतःचे राजमे घेऊन कुकर मागायला आला.

असे प्रसंग चांगलेच निघतात असे नाही. माझ्याबरोबर गेलेल्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी वासावरून कोणी नाक मुरडले म्हणून रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर स्वयंपाक करण्याची आणि ताट खोलीत नेऊन एकट्याने जेवण्याची सवय लावून घेतली. हिवाळ्यात ही सवय माणसाला आतून पोखरते. डिसेंबरमध्ये ड्रेस्डेनला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारलाच मावळतो. ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळे एक तास मागे जातात आणि घराशी असलेले अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जाते, म्हणजे आपण संध्याकाळी मोकळे होऊन फोन करावा तर वडोदऱ्यात निजानीज झालेली असते. अशा दिवसांत माणसांशी बोलण्याची एकमेव खात्रीची जागा म्हणजे ते सामायिक स्वयंपाकघर. मला जी जर्मन भाषा बोलता येऊ लागली, तिचा मोठा भाग त्या ओट्याशी उभे राहून कांदा चिरताना कानांवर पडला आहे. आजारपणात सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल तर ११६११७ आणि जिवावर बेतले असेल तर ११२ हे क्रमांक फिरवायचे, हे मला कोणत्याही माहितीपत्रकाने सांगितले नाही, तेथील एका सहनिवासी मुलीने सांगितले. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे आहे की काकूंनी वर्गातील किमान एक सकाळ अशी ठेवावी, जिच्यात चार विद्यार्थी एकाच वेळी, एकाच ओट्यावर, दोनच शेगड्यांवर आपापला स्वयंपाक करतील, आपापली भांडी लगेच घासतील आणि एकमेकांच्या वेळा विचारून घेतील. खिडकी पूर्ण उघडून फोडणी द्यावी, झाकण हाताशी ठेवावे, धूरसूचक यंत्र कोठे आहे ते आधी पाहावे, शिट्टीबद्दल शेजाऱ्यांना पूर्वीच सांगावे आणि पहिल्याच आठवड्यात केलेल्या पदार्थाची एक वाटी त्यांच्यापुढे ठेवावी, या गोष्टी गोडा मसाला किती घालावा याइतक्याच शिकवण्याजोग्या आहेत. हा विषय मी सुट्टीत काकूंपुढे काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि वहीत लिहूनही घेतला.

दुसरी उणीव लहान आहे. वर्गात मिळणाऱ्या छापील पानांवर सर्व मापे वाटी आणि चमचा यांची आहेत. तिकडे वाटी नसते, असतात ते मोजपेले आणि वजनकाटे. शिवाय दुकानातील पाकिटांवर ग्रॅमच लिहिलेले असतात. एका वाटीत किती ग्रॅम तांदूळ, किती ग्रॅम रवा, किती ग्रॅम डाळ मावते याचा एक तक्ता शेवटच्या पानावर दिला तर काम भागेल.

काही गोष्टींचे मात्र मनापासून कौतुक केले पाहिजे. काकू पालकांना वर्गात बसू देत नाहीत, आणि हा नियम त्या मुलांच्या आयांनाही मोडू देत नाहीत. मुलगे आणि मुली यांना त्या एकच काम, एकच वेळ आणि एकच बोलणी देतात. माझ्या तुकडीत चहाही न येणारा एक मुलगा होता, त्याला पहिल्या दिवशी कांदा चिरताना हात थांबवून पुन्हा पुन्हा सुरी धरायला शिकवले आणि शेवटच्या रविवारी त्याच्याकडून संपूर्ण ताट करून घेतले. वर्ग मराठीत चालत असला तरी गुजराती मुलेही येतात आणि त्यांच्यासाठी काकू सहज गुजरातीकडे वळतात, ढोकळीही तितक्याच आपुलकीने शिकवतात. भांडी घासणे आणि ओटा पुसणे हा धड्याचाच भाग असतो. घरकामाला येणाऱ्या बाईंना त्या वेळेत यायचेच नसते.

शुल्क पाहता हा वर्ग स्वस्त आहे, आणि जर्मनी, आयर्लंड, इंग्लंड किंवा अमेरिकेला पहिल्यांदाच एकटे राहायला जाणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याने तो करावा असे मी निःसंकोच सांगेन. ज्यांना आधीच रोजचा स्वयंपाक येतो त्यांनी काकूंना विनंती करून केवळ बॅग, शेगडी आणि पिठांचे तास करावेत. तशी सवलत त्या देतात. अडचण वेळेची आहे. मे-जूनमधील तुकड्या ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्राला सोयीच्या आहेत, परंतु जर्मनीतील उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होते आणि इतर अनेक देशांत जानेवारीतही प्रवेश दिले जातात, आणि त्या विद्यार्थ्यांसाठी सध्या काहीच सोय नाही. दिवाळीनंतर एखादी तुकडी घ्यावी अशी मागणी पुरेशा पालकांनी केली तर काकू तयार आहेत. त्यासाठी नावे नवरात्रापूर्वी त्यांच्याकडे पोहोचली पाहिजेत, कारण भाजणी आणि मसाले यांची तयारी त्या सुमारास सुरू होते.